सायलीस, गाडी सुटल्यावर

कराड
बुधवार, रात्री

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

कोयना एक्सप्रेस सुटली तेव्हा तू दारातच उभी होतीस, पण हात हलवला नाहीस. मीही नाही. रिक्षात आई एवढंच म्हणाली, "दोघंही अप्पांच्या वळणावर."

आदल्या रात्री ओट्यावर बोललो ते बोलायला नको होतं. तू आजोबांच्या, अप्पांच्या, जमिनीतलं पाणी शोधायच्या नारळाला हसलीस आणि माझं डोकं फिरलं. "त्या नारळावरच तुझ्या बापाचं शिक्षण झालं" असं मी ओरडलो. खरंय ते, पण ओरडायचं कारण नव्हतं. आणि राग नारळाचा नव्हताच. जेवताना तू सहज सांगून गेलीस त्या तेलविहिरीतून येणाऱ्या विषारी गॅसचा होता. सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि गॅस फार झाला की नाक बधिर होतं, वासच येत नाही. हे सांगून तू ताकाची वाटी पुढे केलीस.

अगं, तुला आधीच वास कुठे येतो? दहावीला असताना स्वयंपाकघरात बसून अभ्यास करत होतीस, दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर पडलं. शेजारच्या काकू धावत आल्या आणि तू मान वर करून विचारलंस, काय झालं? बारमाही चोंदलेलं नाक तुझं. ते घेऊन तेलविहिरीवर कामाला समुद्रात 160 किलोमीटर आत निघालीस.

असो. यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

तू सांगितलेलं सगळं मी विसरत नाही, हे तुला माहीत नसेल. एमएस्सीला असताना आपल्या कोयनेकडच्या गोठण्याला भूकंप अभ्यासायला पाडलेल्या भोकाबद्दल सांगितलं होतंस. 3 किलोमीटर खोल, वरचा सव्वा किलोमीटर नुसता आपला काळा दगड, आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट. मी विचारलं, मग आपल्याकडे तेल का नाही? तू परातीत पीठ मळत होतीस. म्हणालीस, बाबा, तेल शिजावं लागतं. जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ पाहिजे, त्यात मेलेले बारीक जीव पाहिजेत, आणि खाली गाडला जाऊन तो साधारण 60 ते 120 अंशांवर लाखो वर्षं राहिला पाहिजे. तवा गार राहिला तर कच्चं, फार तापला तर नुसता गॅस. शिजलेलं तेल वर सरकतं, त्याला मुरायला भोकाभोकांचा दगड लागतो, त्यावर गच्च झाकण लागतं, आणि ते सगळं घुमटासारखं वाकलेलं असावं लागतं, नाहीतर तेल निसटून जातं. यातलं एक जरी नसलं तरी विहीर कोरडी. आपल्या गोठण्याखाली तर गाळच नाही, शिजणार काय? तेव्हा मला वाटलं, ही पोरगी शिकवायला लागली तर वर्ग हलायचा नाही.

मुंबई हायचं, त्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचंही तूच सांगितलंस. 1960 च्या दशकात रशियन जहाजाने पाण्यातून लहरी सोडून तळाखालचा घुमट टिपला, आणि 1974 मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने भोक पाडल्यावर चुनखडकात तेल लागलं. म्हणजे जमीन हलवायची आणि परत येणाऱ्या लहरींवरून पोटातलं ओळखायचं. मला हसू आलं. जमीन हलते म्हणजे काय ते मला 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कळलंय. सहा वर्षांचा होतो. हेळवाकला आमच्या घराची मागची भिंत बाहेर पडली. आत पडली असती तर हे पत्र लिहायला मी नसतो. अप्पांनी मला घोंगडीसकट उचलून अंगणात टाकलं आणि गोठ्याकडे पळाले. अंगणातली थंडी अजून आठवते.

अप्पांचं एक तुला कधी सांगितलं नाही. एकाला त्यांनी जागा दाखवली, अठरा पुरुष, म्हणजे अठरा माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर पाणी म्हणाले. त्याने बैलजोडी विकून विहीर खोदली. बावीस पुरुष गेला, खाली कोरडा खडक. अप्पांनी घेतलेले पैसे परत केले आणि मरेपर्यंत त्या आळीतून गेले नाहीत, लांबच्या वाटेने जायचे. त्यांच्याकडे "बहुतेक" हा शब्दच नव्हता. तुमच्याकडे आहे. तेल किती असेल त्याचा नव्वद टक्के खात्रीचा आकडा लहान, पन्नास टक्क्यांचा मधला, दहा टक्क्यांचा मोठा, आणि तिन्ही लिहून द्यायचे. तू हे सांगितलंस तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अप्पांना कुणी एवढं शिकवलं असतं तर. म्हणून सांगतो, वरच्या साहेबाला मोठा आकडा आवडतो म्हणून तो पुढे करू नकोस. दगडाचे तुकडे चिखलाबरोबर वर येईपर्यंत खाली खोदणारा बिट पुढे गेलेला असतो असं तूच म्हणतेस, मग घाईने लिहायचं नाही, ज्या खोलीचा तुकडा त्याच खोलीवर नोंदवायचा, आणि रात्रपाळीत डोळे जड झाले की

बघ, झालं सुरू. तुला तुझं काम कळतं. माफ कर.

27 जुलै 2005 ला तू शाळेत होतीस. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडाली होती, मामाचा फोन लागेना म्हणून आम्ही टीव्हीसमोर बसलेलो, आणि त्यातच समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म जळताना दाखवला. बावीस माणसं गेली. मामाचा फोन रात्री लागला आणि आम्ही ते विसरलो. आता आठवतं.

तो गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, हे मी वाचून काढलंय. भोंगा वाजला तर वारा येतो त्या बाजूला आणि वर. नाकावर विसंबू नकोस. छातीवरचं ते गॅस ओळखायचं यंत्र तपासून कधी दिलंय, तारीख बघ. मैत्रिणी हसल्या तर हसू देत. परवा गावात तुझा हेल्मेटमधला फोटो मीच सगळ्यांना दाखवला, चौकातल्या सलूनमध्येसुद्धा. तिथल्या पोराने विचारलं, ताई समुद्रात काय करतात? मी सांगितलं, पाणाडी आहे.

बॅगेच्या वरच्या कप्प्यात आईने ओव्याची पुरचुंडी ठेवलीय, भाजून, गरम असतानाच बांधलेली. जुहूला हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी ती उघडून नाकाला लाव. वास आला का, तेवढं फोनवर सांग.

तुझा,
बाबा