हमाली ठरलेली असते, भाव नसतो

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ॲडमिशनच्या फाइलमध्ये, मार्कशीटच्या मागे ठेवतोय. पहिली लोकल पकडायला मी निघतो तेव्हा तू झोपलेली असतेस, आणि तू क्लासवरून येतेस तेव्हा माझे डोळे मिटायला लागलेले असतात. रविवारी बोलावं म्हटलं तर घरात माणसं.

परवा आत्या आली होती. "इकॉनॉमिक्स, पॉलिटिक्स, ते परराष्ट्राचं काहीतरी... म्हणजे होणार काय पुढे?" असं तिने विचारलं आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी टीव्हीकडे बघितलं. "यूपीएससी देणार आहे ती," असं सांगून आईने वेळ मारून नेली. तू उठून गॅलरीत गेलीस. तुला लागलं ते मला कळलं होतं, पण चहा संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

मी तुला बी.कॉम. कर म्हणत होतो ते खोटं नाही. गाळ्यावर हिशोब लिहिणाऱ्या मेहताजीच्या पोरीने सीए व्हावं, यापलीकडे माझी उडी जात नव्हती. पण प्रॉस्पेक्टस आणलंस तेव्हा तू झोपल्यावर मी ते चष्मा लावून वाचलं. अर्थशास्त्र मेजर, राज्यशास्त्र मायनर, त्यातच आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर. वाचता वाचता मला तुझी पाचवीची मे महिन्याची सुट्टी आठवली.

तुला आठवतं का ते माहीत नाही. मी तुला एक दिवस बाजारातल्या आमच्या गाळ्यावर नेलं होतं. गोण्यांच्या थप्पीवर बसून तू मी लिहिलेल्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशोब, वाचत होतीस. वजन, भाव, एकूण रक्कम, मग खाली वजावट: हमाली, तोलाई म्हणजे वजन करायचे पैसे, मोटारभाडं. तू म्हणालीस, "बाबा, हमाली ठरलेली, तोलाई ठरलेली, गाडीचं भाडं ठरलेलं. शेतकऱ्याचाच भाव का नाही ठरलेला?" मी म्हटलं, "अगं, सगळ्यांचं देऊन उरतं ते त्याचं." तू म्हणालीस, "आणि नाही उरलं तर?" शेठ हसले. शेठ हसले म्हणून मीही हसलो.

२०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी पेपरात छापून आली. ५१२ किलो कांदा, भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. गाळ्यावर सगळ्यांनी तो फोटो एकमेकांना दाखवला. मी मात्र बेरीज-वजाबाकी तपासली. हिशोब बरोबर होता. ती पट्टी मी लिहिलेली नव्हती, पण माझ्या टेबलावर तो माल आला असता तर मी तीच लिहिली असती, सुवाच्य अक्षरात. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या घरातच आहे. तुझे आजोबा गिरणीत होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. संप असा कधी मिटलाच नाही, गिरणी मात्र मिटली. मग गावच्या ओळखीने ते माथाड्यांच्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या, टोळीत लागले आणि साच्यावर उभं राहणारा माणूस पाठीवर गोणी घेऊ लागला. पण एक गोष्ट ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे, की हमालीला कायदा आहे. १९६९चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने लढून मिळवलेला. हमालीचा दर बोलणी करून ठरतो, त्यावर लेव्ही, म्हणजे मालकाने वर भरायची रक्कम, बसते, पैसे माथाडी मंडळात जमा होतात आणि तिथून पगार, पीएफ, बोनस. आज हा शेठ, उद्या तो, पण पीएफ कुठे जात नाही. त्याच पीएफवर आपली ही चुनाभट्टीची खोली उभी राहिली.

म्हणजे हमाली ठरलेली आहे कारण कोणीतरी ती ठरवून घेतली. एकाच आवारात काम करणारी माणसं होती, एकत्र बसली, लढली, विधानसभेतून कायदा करून घेतला. शेतकरी गावागावांत विखुरलेला, माल नासका, तो कोणाबरोबर बसणार? तुझ्या पुस्तकात याला मागणी-पुरवठा म्हणतील, आणि ते खरंच आहे. पण मागणी-पुरवठ्याने फक्त भाव ठरतो. वजावटीत कोण बसणार आणि उरलेल्यात कोण, हे राजकारणाने ठरतं. हे मला गाळ्यावर बसून कळलं, फक्त कधी बोलता आलं नाही. तू दहाव्या वर्षी एका वाक्यात बोललीस.

आता तिसऱ्या विषयाचं. आत्याला तो सगळ्यात फालतू वाटला. अमेरिका-रशियाशी आपल्याला काय करायचंय, म्हणाली.

२०२३चा डिसेंबर आठव. सात तारखेची अधिसूचना, कांद्याची निर्यात बंद. रात्रीत. बाहेर जाणारा माल देशातच उतरणार म्हटल्यावर भाव कोसळले आणि नाशिककडे शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. डिसेंबरात येतो तो लाल कांदा, उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. हे दिल्लीत बसलेल्याला माहीत नसेल असं मी म्हणत नाही. माहीत असूनच केलं, कारण शहरात कांदा महागला की सरकारं घाबरतात. त्या आठवड्यात आईने पाच किलो कांदा आणला आणि स्वस्त मिळाला म्हणून खूश होती. त्याच संध्याकाळी ओतूरहून काकाचा फोन. तो बोलला नाही फारसं, नुसतं "काय चाललंय मार्केटला?" विचारून गप्प राहिला. मी एका हाताने फोन धरला होता आणि समोर ताटात आईने केलेली भजी होती. सांग, मी कोणाच्या बाजूने बोलायचं होतं?

मग पुढच्या वर्षी काही देशांना सरकारमार्फत ठरावीक कांदा द्यायचं ठरलं. बांगलादेश, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, बहारीन, संयुक्त अरब अमिराती, सगळे मिळून ९९,१५० टन. शेतकऱ्याने पाठवलेला कांदा निर्यात आणि सरकारने पाठवलेला कांदा मैत्री! पुढे मे महिन्याच्या चार तारखेला, लोकसभेची निवडणूक ऐन रंगात असताना, बंदी उठली, पण वर किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याखाली बाहेर विकायचं नाही असा भाव, आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तारखा मी मुद्दाम लिहितोय. कुठल्या टप्प्याला कुठे मतदान होतं, ते तू शेजारी लिहून बघ.

याच्या आधीचा किस्सा तर तुझ्या कॉलेजात शिकवायला हवा. २०१९च्या सप्टेंबरअखेरीस अशीच अचानक बंदी आली. चार-पाच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. व्यापाऱ्यांच्या बैठकीत हिंदीत, हसत हसत म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केला कळलं नाही, आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, मी तर स्वयंपाक्याला सांगितलंय, आता कांद्याशिवाय कर. सगळे हसले. पण त्या वर्षी त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आणला, शेवटी विमानानेसुद्धा. आमच्या धंद्यात एकदा गिऱ्हाइकाने दुसरा गाळा बघितला की तो परत आला तरी आधीसारखा येत नाही. परराष्ट्र धोरण यापेक्षा फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. वेगळं असलं तर तू शिकून मला सांग.

तुझं कॉलेज फोर्टात, म्हणजे राजाबाई टॉवर तुला रोज दिसणार. आजोबा मला लहानपणी तिथे घड्याळ दाखवायला न्यायचे, त्यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं. नंतर कधीतरी एका दिवाळी अंकात वाचलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध, त्यामुळे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग त्यांनी मुंबईतून उचलला आणि भाव असे चढले की या शहरात पैशाला वाट मिळेना. लोकांनी तो शेअरमध्ये घातला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांत घातला. १८६५ला युद्ध संपलं आणि सगळा डोलारा खाली आला. सगळ्यात मोठे सट्टेवाले प्रेमचंद रायचंद, तेही बुडाले. पण तेजीत असताना त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ग्रंथालय आणि हा टॉवर झाला, त्यांच्या आईच्या नावाने, १८७८ला पुरा. म्हणजे अमेरिकेत भाऊ भावाशी लढले आणि आपल्या विद्यापीठाला घड्याळ मिळालं. ज्या गावांत तो कापूस पिकला तिथे मागे काय उरलं, ते त्या अंकात नव्हतं. ते शोध.

तिन्ही एकत्र कशाला, एक धड कर की, असंही आत्या म्हणाली. तिला चिंतामणराव देशमुखांचं नाव सांगायला हवं होतं. महाडजवळच्या नाते गावचा माणूस. १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरली. पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि १९५६ला मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आजोबा हे सांगताना हात जोडायचे. तू देशमुख हो असं मी म्हणत नाही, तेवढा माझा रक्तदाब चांगला नाही. पण त्यांचे हे तीन विषय वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले नव्हते, एवढंच.

आता दोन कटू गोष्टी.

पहिली, गणित. दहावीनंतर तू गणिताला रामराम ठोकलास आणि मी काही बोललो नाही. प्रॉस्पेक्टसमध्ये मी बघितलंय, संख्याशास्त्र आहे, अर्थशास्त्रासाठीचं गणित आहे, पुढे इकॉनोमेट्रिक्स म्हणून काहीतरी आहे ज्याचा उच्चार मला दोनदा करावा लागला. तुला वाटत असेल हा विषय म्हणजे बजेटच्या दिवशी टीव्हीवर बोलणं. नाही. आकड्याला भिणाऱ्याला आकडेवाला फसवतो, हे मी रोज बघतो. पट्टी वाचता येणारा शेतकरी आणि न येणारा शेतकरी, दोघांशी बाजारात बोलण्याचा सूर वेगळा असतो. माझाही असायचा, कबूल करतो. तेव्हा पहिल्या वर्षापासून गणिताची शिकवणी लाव. नववी-दहावीचं सुटलंय तेवढं मी घेईन, रविवारी सकाळी. त्यापुढचं माझ्याच्याने नाही.

दुसरी, यूपीएससी. द्यायची असेल तर दे, मनापासून दे. पण आत्याला उत्तर म्हणून देऊ नकोस. खालच्या मजल्यावरच्या मुलाची पाच वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत. हुशार पोरगा, आता बिल्डिंगच्या जिन्यात समोर आला तरी खाली बघून जातो. आईने ते नाव घेतलं ते तुला वाचवायला. तिला तू लगेच काही बोलू नकोस, पण त्या वाक्यात राहायलाही जाऊ नकोस.

फी गुरुवारपर्यंत भरायची आहे. पैसे तुझ्या खात्यात टाकलेत. डोमिसाइलची झेरॉक्स दोन प्रती लागतील, मी तीन काढून ठेवल्यात. फाइलमध्ये मागे एक जुनी पट्टीही ठेवली आहे, पिवळी पडलेली. त्या मे महिन्यात तू तिच्या कोपऱ्यात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतंस आणि मी मालाच्या मालकाला दुसरी लिहून दिली होती. फेकून देऊ नकोस.

आत्याला मी रविवारी फोन करणार आहे. काय सांगायचं ते अजून नक्की नाही, पण टीव्ही बंद करून करीन.

तुझा,
बाबा