ग्रिमेंत्समध्ये आई-बाबांची दुभाषी झालेल्या ताईला

ताई,

नाव विचारेपर्यंत तुझी पिवळी पोस्टबस आली आणि तू पळालीस, त्यामुळे हे पत्र असं उघड्यावरच लिहावं लागतंय. लोझानला नोकरी आणि माहेर मालेगावकडचं, एवढंच आम्हाला माहितीये. वाचणाऱ्यांपैकी कुणाला अंदाज आला तर प्लीज तिला पाठवा, बाबा रोज विचारतायत "त्या पोरीला कळवलं का" म्हणून.

स्वित्झर्लंडला आई-बाबांना घेऊन गेले तेव्हाच ठरवलेलं की निदान काही दिवस तरी ग्रुप टूरवाल्यांच्या तावडीतून सुटायचं, कारण त्यांच्यासोबत गाव बघणं म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, वॉशरूमला जाऊन या, चढा. म्हणून सिएर शहरात राहिलो आणि तिथून बसने, व्हिसवा गावी बस बदलून, ती वळणं घेत घेत ग्रिमेंत्सला आलो. 1,500 मीटरच्या वर असलेलं हे गाव, काळ्या पडलेल्या लाकडाची घरं आणि खिडक्याखिडक्यांत लालभडक जिरेनियम, म्हणजे कॅलेंडरवर असतं ना तेच. गाईडसोबत चालत गाव बघायची टूर होती, पण सुरुवातीलाच गाईड आजोबांनी सांगून टाकलं की मी बोलणार फ्रेंचमध्ये आणि मधूनमधून थोडं इंग्लिश. माझं फ्रेंच बॉंजूरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. आई-बाबांचा तर प्रश्नच नाही. पहिल्या घरापाशी आजोबा हातवारे करून भरभर काहीतरी सांगत होते, सगळे हसले, आम्ही तिघं कोरे चेहरे घेऊन उभे, आणि आई नेहमीसारखी मोठ्यांदा म्हणाली, "हाऊ काय सांगी ऱ्हायना?"

आणि मागून आवाज आला, "मी सांगस ना तुमले, मावशी."

ताई, आल्प्समध्ये अहिराणी! साक्रीबाहेर पडल्यावर धुळ्यातसुद्धा आई जरा जपून बोलते, आणि इथे तू. आईने तुझा हात जो धरला तो बस येईपर्यंत सोडला नाही, तुला हात दुखला असेल तर सॉरी.

पण तू दुभाषी झालीस एवढ्यासाठीच हे पत्र नाहीये. मी स्वतः आई-बाबांना इंग्लिशमधलं सांगते तेव्हा काय करते तर पाच मिनिटांचं बोलणं एका वाक्यात आटपते, "जुनं घर आहे, लाकडाचं आहे, चला." तू सगळं सांगितलंस. जोकसुद्धा. आणि बाबांचा प्रश्न कितीही लांबडा असला तरी तो पूर्ण फ्रेंचमध्ये आजोबांपर्यंत पोचवलास, "अंकल नंतर विचारू या" असं एकदाही म्हणाली नाहीस. परदेशात फिरताना आपण आई-बाबांना सामानासारखं इकडून तिकडे हलवत असतो ना, तिथे पहिल्यांदा ते दोघं ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे होते.

त्या राकारपाशी तर आपण हललोच नाही बराच वेळ. राकार म्हणजे धान्याचं कोठार, लार्च नावाच्या झाडाच्या ओंडक्यांचं, लाकडी खुंटांवर उचललेलं, आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर गोल सपाट दगडी चकती. आईने सगळ्यांच्या आधी ओळखलं, "उंदीर चढू नही म्हणून!" आणि तू ते सांगितल्यावर आजोबांनी टोपी काढून तिला सलाम केला. उंदीर खुंटावरून चढतो पण चकतीच्या खालून उलटं लटकून पुढे जाता येत नाही त्याला. आत मधोमध मळणीची जागा आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या घरांची राई (आपली मोहरी नाही, गव्हासारखं धान्य, इंग्लिशमधलं rye) ठेवायचे कप्पे. बाजूचं छोटं कोठार मात्र वेगळ्या कामाचं, त्यात सणाचे कपडे, वाळवलेलं मांस, घरचे कागदपत्र, आणि ते मुद्दाम राहत्या घरापासून लांब बांधायचे, कारण गाव सगळं लाकडाचं, घराला आग लागली तर निदान वर्षभराचं खाणं आणि कागद वाचावेत. घरातही स्वयंपाकघर दगडी भागात आणि बसायची खोली लाकडी भागात, ते त्याच भीतीने. मी एकटी असते तर हे सगळं "क्यूट लाकडी घरं" म्हणून इन्स्टावर टाकून मोकळी झाले असते.

मग आजोबा म्हणाले की वाटण्या होऊन होऊन एकेका राकारचे आठवे, सोळावे हिस्से झालेत, घराचा एक मजला एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा, आणि कोठार दुरुस्त करायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करता करता छप्पर पडतं. बाबा उभ्या जागी खदखदून हसले, "म्हणजे यांच्याकडे पण सातबारा आहे!" हे तू कसं सांगितलंस देव जाणे, पण ते आजोबाही हसायला लागले.

त्यानंतरचं मला जसंच्या तसं लिहून ठेवायचंय, कारण बाबा ते आता गावभर स्वतःच्या पद्धतीने वाढवून सांगतायत.

आजोबा पाण्याबद्दल बोलायला लागले. व्हॅले कॅन्टन, म्हणजे त्यांचं हे राज्य, तसा कोरडा, दोन्ही बाजूंचे उंच डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे वर बर्फ आणि हिमनदी असूनही खालची कुरणं आणि द्राक्षमळे तहानलेले. म्हणून शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी डोंगराच्या कड्यांना लटकवून पाट काढले, बिस म्हणतात त्याला, काही ठिकाणी नुसती लाकडी पन्हळ दरीवर टांगलेली. कोणाला पाणी कधी आणि किती वेळ, ते लाकडाच्या काठीवर खाचा पाडून लिहिलेलं, प्रत्येक कुटुंबाची खूण वेगळी. पाट राखायला माणूस, त्याची पाटाजवळच झोपडी, आणि पाटात एक छोटं पाणचक्र ज्याला हातोडी जोडलेली, पाणी वाहतंय तोवर ती फळीवर ठक ठक वाजत राहणार. रात्री ठकठक थांबली की राखणदार उठला, कुठेतरी पाट फुटला.

बाबांचा चेहरा बघायला हवा होता. आमचं शेत पांझरा नदीच्या फडातलं, ताई, तू ते ऐकून लगेच "हो का!" म्हणालीस, तिथेच बाबांनी तुला मुलगी मानलं. मग बाबा सुरू. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, खालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कमी पडलं तर कुठला फड पडीक टाकायचा ते सगळ्यांनी बसून ठरवायचं, शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, पाटकरी देईल तेव्हाच, पिकं राखायला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. तू हे सगळं, पाटकरी-जागल्यासकट, फ्रेंचमध्ये घातलंस. बाकीचे टुरिस्ट बिचारे उन्हात उभे. पण आजोबांनी खिशातून वही काढली आणि "पाटकरी" लिहून घेतलं, दोनदा विचारून. आणि मग त्यांचा प्रश्न, पाण्यावरून भांडणं होतात का? बाबा म्हणाले, पाणी आहे तिथे भांडण आहे. आजोबा म्हणाले, इथेही. 2023 मध्ये युनेस्कोने युरोपातल्या या पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते सांगताना ते फार खुश होते. बाबांना तेव्हापासून एकच डोक्यात बसलंय की मग आपल्या फडाला का नाही. मलाही पटतं ते, आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात आणि विषय संपला.

वाईनचं तर लिहायलाच पाहिजे. गावच्या मालकीच्या त्या जुन्या घराच्या तळघरात लार्चची पिंपं, आणि त्यातली ती हिमनदीची वाईन. द्राक्षं खाली सिएरच्या मळ्यातली, वाईन आणायची वर थंड गावात, पिंप कधीच रिकामं करायचं नाही, जेवढी काढली तेवढी त्याच्या पुढच्या पिंपातून भरायची, म्हणजे जुन्यात नवं मिसळत राहतं. सगळ्यात जुनं बिशपचं पिंप, 1886 पासूनचं. मुळात ही माणसं वर्षभर खालीवर करणारी, वसंतात सगळं गाव खाली मळ्यात, मग वर गावात, मग गुरांमागे त्याहून वर कुरणात, परत खाली, आणि गावच्या सामायिक मळ्यावर कामाला जाताना पुढे बासरी आणि ढोल. 1908 मध्ये खाली शिपी गावात ॲल्युमिनियमचा कारखाना आला आणि शेतकरी कारखान्यातली पाळी संपवून गवत कापायला वर यायला लागले. आईने वाईनच्या पिंपाला लांबूनच नमस्कार केला. बाबांनी एक घोट घेतला आणि जे काही म्हणाले ते तू आजोबांना "ही आवडली म्हणतात" असं सांगितलंस. त्याबद्दल तर डबल थॅंक्यू.

आणि राईचा पाव! वर्षातून मोजक्याच वेळा गावच्या सामायिक भट्टीत भाजायचा आणि महिनोन्महिने खायचा, कडक झाला की सूपात बुडवून. आईने विचारलं की बाया भट्टीपाशी पाळी कशी लावायच्या, कोण आधी, कोण नंतर, कारण पहिल्या घाण्याला भट्टी नीट तापलेली नसते. आजोबांना उत्तर येईना! ते म्हणाले बायकोला विचारून सांगतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता म्हणे.

एक गोष्ट तू जरा हळू आवाजात सांगितलीस. जिरेनियमवाल्या गल्लीत आई म्हणाली एवढी घरं आणि माणूस दिसत नाही, तर आजोबा म्हणाले की बरीचशी सुट्टीची घरं आहेत, वर्षातले बरेच दिवस बंद. 2012 मध्ये देशभर मतदान झालं आणि जिथे अशी दुसरी घरं 20 टक्क्यांच्या वर आहेत तिथे नवी बांधायला बंदी आली, व्हॅलेने विरोधात मत दिलं होतं, कारण बांधकामावर पोटं अवलंबून. आजोबांचं स्वतःचं मत काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि तूही खोदून विचारलं नाहीस. ते तू आमच्यासाठी गोड करून सांगू शकली असतीस, "छान गाव आहे मावशी" वगैरे. नाही केलंस, बरं केलंस. आमच्याही गावात दिवाळी सोडून गल्ल्या रिकाम्याच असतात, आईला ते लगेच कळलं.

माहितीये, तू त्या दिवशी सुट्टीवर आली होतीस. तुलाही फोटो काढायचे असतील, निवांत ऐकायचं असेल, आणि तू अख्खी टूर आमच्यासाठी बोलत राहिलीस, शेवटी घसा बसला होता तुझा. आईने पर्समधून काढून दिलेली खडीसाखर तू न लाजता घेतलीस, त्यावर ती किती खुश आहे सांगू शकत नाही.

आता कामाचं. बाबांनी फडाचा नकाशा हाताने काढलाय, बंधारा, पाट, फड सगळं नावानिशी, आणि तो त्या आजोबांना पाठवायचाय. फ्रेंचमध्ये नावं तूच लिहून देशील अशी त्यांनी परस्पर खात्री धरलीये. आईला भट्टीच्या पाळीचं उत्तर हवंय. आणि तू माहेरी येशील तेव्हा साक्री मालेगावपासून काही लांब नाही, पाटाला पाणी असेल त्या दिवसांत ये, आधी फोन कर, म्हणजे आई कळण्याची भाकर आणि ठेचा करून ठेवेल.

तुझी,
साक्रीच्या मावशींची मुलगी