ताटाचा फोटो

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी फोन मधेच ठेवला. नोकरी सोडलीस याचा राग नव्हता. "बघू काहीतरी" म्हणालीस ना, त्याचा होता. अण्णामामा अस्संच म्हणायचा.

तेव्हापासून तुझ्या कपाटातली पुस्तकं काढून वाचतेय. आजच्या लिथुआनियन कादंबरीतला कलावंत, हा तुझ्या प्रबंधाचा विषय आता मलाही पाठ झालाय. युर्गिस कुन्चिनासची 1993 सालची 'तूला' आधी घेतली. प्रेमकथा आहे म्हणाली होतीस. मला दिसला तो घरदार नसलेला, दारूत बुडालेला माणूस. विल्नियसच्या उझुपिस भागात हिंडतो, वटवाघूळ होऊन तिच्याकडे जातो. ते सगळं फार सुंदर आहे, पण माझं लक्ष सारखं हा आज जेवला का याच्याकडे. तूही उझुपिसलाच खोली बघतेयस ना? नदीकाठची ओल वाईट. हीटर चालतो का तिथला? तू फ्रिजवर ज्याचं चित्र लावून गेलीस तो त्यांचा चित्रकार चुर्लियोनिस 35व्या वर्षी न्यूमोनियाने गेला, पोटच्या मुलीला एकदाही न बघता.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. जाऊ दे.

पारुलस्किसचं 'डार्कनेस अँड कंपनी' मात्र दोनदा खाली ठेवलं. 1941 साल. विन्सेंतास फोटोग्राफर. ज्यूंना मारतात त्याचे फोटो त्याने जर्मन अधिकाऱ्यासाठी काढायचे, म्हणजे त्याची ज्यू प्रेयसी युदिता वाचेल. आणि अधिकाऱ्याला त्या फोटोंतही कला हवी! त्याने कॅमेरा डोळ्याला लावला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. आधी पोट, मग कला, असं मी तुला लहानपणापासून ऐकवत आले. हे वाचताना ते मला मनातसुद्धा म्हणवेना.

अण्णाने त्या पुढाऱ्याचा कटआउट रंगवायला नाही म्हटलं, तेव्हा मीच त्याच्याशी भांडले होते. दिवाळीच्या तोंडावर चार पैसे आले असते. नंतर त्याच्या खोलीवर गेले तर स्टोव्ह कोरडा, आणि पिठाच्या डब्यात धुऊन पुसून ठेवलेले ब्रश. डबा मी दिलेला होता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून विचारते गं जेवणाचं. दुसरं काही विचारता येत नाही असं नाही.

उन्दिने राद्झेविचूतेच्या 'मासे आणि ड्रॅगन'ची तू मराठी केलेली पानं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. मिलानचा कास्तिल्योने 1715 मध्ये चीनला जातो, बादशहाच्या दरबारात चित्रं काढतो. चेहऱ्यावरची सावली तिथे कुणाला रुचत नाही, डाग वाटतो. मग तो हात बदलतो. तू तिथे 'पडछाया' न लिहिता साधं 'सावली' लिहिलंस, ते किती बरोबर! बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र बँकेतल्या सगळ्यांना सांगून आले, आमची मनू थेट लिथुआनियनमधून भाषांतर करते.

रात्री मी कास्तिल्योनेचा हिशेब केला. 1766 ला तिथेच वारला. 51 वर्षं, आणि परत घरी नाही. त्याच्या आईचं काय झालं असेल, हे कादंबरीत आहे का? असलं तर ते पान आधी कर.

एवढं लिहून पुन्हा उपदेशच झाला. रागावू नकोस. भाडं कमी पडलं तर मामाच्या नावाची ती ठेव आहे, ती तुझीच. बाबांना विचारायची गरज नाही.

पार्सलमध्ये मेतकूट, कांदा-लसूण मसाला, आणि तळाशी अण्णाचा एक ब्रश आहे. पोचलं की ताटाचा फोटो पाठव. जुना चालणार नाही. मागच्या वेळचा जुना होता, खिडकीबाहेर झाडाला पानं होती.

तुझी
आई