साताऱ्यातल्या मिस्त्रींना, मनापासून

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी पैसे दिले, 'येते' म्हटलं आणि निघाले. तुमच्या दारात तीन-चार गाड्या खोळंबल्या होत्या, मलाही शाळा गाठायची होती. आभार मानायचे राहून गेले आणि ते मनाला लागून राहिलंय.

२०१४ चं डिझेल मॉडेल मी जुनंच घेतलं, कास रस्त्यावरच्या शाळेत जायचं म्हणून. हायवेला गाडी बरी पळायची. समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा चढ लागला की मात्र तिचा जीव जायचा. पाय पूर्ण दाबला तरी ओढायची नाही, मागून काळा धूर, पुढून फुस्स असा आवाज. सप्टेंबरात फुलं बघायला येणाऱ्यांची रांग मागे लागलेली असताना वळणावर गाडीनं दम टाकला, की हॉर्न वाजवणाऱ्यांच्या नजरा अंगावर घेत पहिल्या गिअरवर वर जायचं. आपल्यामुळे कुणाचा अपघात होईल, ही धास्ती रोजची.

तुमच्याआधी मी चकचकीत वर्कशॉपची पायरी चढले होते. स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला, आणि लगेच निकाल लागला: टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा भाग, गेला, नवीन टाका. आकडा ऐकून माझा घसाच कोरडा पडला. का गेला, असं विचारलं, तर पाईपात बोट घालून त्याला लागलेलं तेल दाखवलं. तेही मला नाही, सोबत आलेल्या माझ्या दिरांना. गाडी माझी, हप्ता माझा, रोज चालवते मी, आणि तो माणूस म्हणाला, "सरांना समजावून सांगतो." दुसऱ्या ठिकाणी तर बॉनेटही न उघडता तेच सांगितलं. अशा लोकांचा मला अजूनही राग येतो. त्यांना काम येत नव्हतं असं मी म्हणत नाही. त्यांनी बघायचेच कष्ट घेतले नाहीत.

तुम्ही आधी विचारलंत, "ताई, नेमकी कुठं दमते?" आणि माझं सगळं ऐकून घेतलंत. मग टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून आतलं चाक बोटानं फिरवलंत, शाफ्ट पुढं-मागं हलतो का ते पाहिलंत. हलत नव्हता. "टर्बो ठणठणीत आहे. थोडं तेल इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येतंच." एवढं एक वाक्य त्या मोठ्या वर्कशॉपात कुणी बोललं असतं तर माझ्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

पण मिस्त्री, माझ्या मनात कोरली गेली ती पुढची गोष्ट. तुम्ही पाईपांत कॉम्प्रेसरची हवा भरलीत, चाकात भरतो त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि टॉर्च तुमच्या पोराकडे न देता माझ्या हातात दिलीत. "इकडं या ताई, वाका. हात इथं धरा." टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाईपाखाली, पाईप आवळणाऱ्या क्लॅम्पच्या अगदी कडेला, माझ्या तळव्यावर हवेची बारीक धार लागली. तुम्ही साबणाचं पाणी सोडलंत आणि तिथं फेस फुगला. टॉर्चच्या उजेडात चीर दिसली, खालच्या बाजूनं, वरून बघणाऱ्याला कधीच न दिसणारी. हवेचा दाब आला की ती उघडते, गाडी नुसती उभी असली की मिटून बसते, हे तुम्ही मला माझ्याच हातानं दाखवलंत. मोजून आत घेतलेली हवा वाटेतच पळते, डिझेल मात्र तेवढ्या हवेच्या हिशोबानं पडत राहतं, म्हणून तो काळा धूर. कोड सांगतो की दाब कमी पडतोय, तो कुठं पडतोय हे माणसानंच शोधायचं असतं.

मी वर्गात मुलांना हेच सांगत असते, स्वतः बघा, हात लावून बघा. माझ्याच गाडीपाशी मात्र मला ते कुणी करू दिलं नव्हतं. तुम्ही करू दिलंत. हातावर काळं तेल लागलं होतं ते पुसायला तुम्ही धुतलेलं फडकं शोधून आणलंत, साडीला लागेल म्हणून. तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मी तोंड फिरवलं, तुम्हाला कळलं नसेल.

पाईप आणि क्लॅम्प बदलला, झालं काम. बिल बघून मी पुन्हा विचारलं, एवढंच? तुम्ही जुना पाईप कागदात गुंडाळून माझ्याकडे दिलात, "बदललाय, खात्री करून घ्या." कुणी मागितलं नव्हतं. मी कधी शंका घेतली नव्हती. तरी दिलात. अशी माणसं साताऱ्यात अजून आहेत, छोट्या गाळ्यांत, पाटीचा रंग उडालेल्या दुकानांत, आणि त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचं रोजचं जाणं-येणं चालतं.

तो पाईप मी आठवीच्या वर्गात नेला. मुलांनी वाकवून चीर उघडली, मिटवली, आणि हवेच्या दाबाचा धडा त्या दिवशी पुस्तकाबाहेरच झाला.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या शाळेतल्या एका बाईंना घेऊन येतेय. त्यांच्या गाडीलाही घाटात ओढ नाही, आणि त्यांनाही टर्बो बदला म्हणूनच सांगितलंय. टॉर्च त्यांच्या हातात द्या.

तुमची कृतज्ञ,
कास रस्त्यावरच्या शाळेतली बाई