शनिवारी शालिमार बागेत

पुणे,
बुधवार, ४ सप्टेंबर २०१३

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गुडघा आता बराच बरा आहे आणि तू पुन्हा सकाळचा फिरायला जाऊ लागला आहेस, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण खरे सांगायचे तर लगेच उत्तर लिहायला बसलो तो पत्राच्या अगदी शेवटी, समासात कोंबलेल्या तुझ्या एका ओळीमुळे. "शनिवारचे पाहणार आहेस ना?" एवढेच तू विचारलेस. काय, कुठे, कोणाचे, काहीही नाही. आपल्या दोघांत ते सांगण्याची गरजही नव्हती. वाद्यवृंदाचे संचालन करणारे, म्हणजे कंडक्टर, झुबिन मेहता म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रासह श्रीनगरच्या शालिमार बागेत, उघड्या आकाशाखाली उभे राहणार आणि दूरदर्शन ते थेट दाखवणार, ही बातमी वाचल्यापासून शनिवार कधी उजाडतो असे मला झाले आहे. वयाच्या या टप्प्यावर एखाद्या कार्यक्रमाची इतकी वाट पाहावी याची थोडी लाज वाटते, पण ती तुझ्यासमोर वाटून उपयोग नाही.

घरची परिस्थिती मात्र अनुकूल नाही. सोमवारी गणपती बसणार, आणि मखराची जागा यंदा नेमकी टीव्हीच्या भिंतीला ठरली आहे. टीव्ही शनिवारी दुपारीच आतल्या खोलीत हलवायचा असे घरात एकमताने ठरले होते, म्हणजे मी सोडून सर्वांचे एकमत झाले होते. आतल्या खोलीत केबलची वायर पोहोचत नाही हे मी दाखवून दिले तेव्हा कुठे रात्रीपर्यंतची मुदत मिळाली. त्याहून मोठी अडचण म्हणजे मागच्या मैदानावरचे ढोलपथक. रोज संध्याकाळी त्यांचा सराव सुरू झाला की आमच्या कपाटाच्या काचा बोलू लागतात. एरवी मला त्या मुलांचे कौतुक आहे. परंतु व्हायोलिनचे हळुवार सूर आणि चाळीस ढोल यांची गाठ एकाच संध्याकाळी पडावी, हा योग माझ्याच पत्रिकेत असायचा. खिडक्या लावून घेईन, आणि अगदीच निभावेना तर कानाला हेडफोन लावीन.

मला या कार्यक्रमाची एवढी ओढ का वाटते, याचा विचार करताना तुझी ती व्हिडिओ कॅसेट आठवली. ७ जुलै १९९० या दिवशी, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, रोममधल्या काराकालाच्या प्राचीन स्नानगृहाच्या भग्नावशेषांत पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तिघे ऑपेरा-गायक प्रथमच एकत्र गायले आणि दोन वाद्यवृंद एकत्र करून मेहतांनी त्यांची साथ सांभाळली, त्याची ती कॅसेट. तू ती कोणाकडून तरी दोन दिवसांच्या बोलीने आणली होतीस आणि आपण भाड्याच्या व्हीसीआरवर ती चार वेळा पाहिली. चित्राच्या तळाशी एक पांढरी रेघ सतत थरथरत असे, आणि तिघे मिळून गाऊ लागत नेमके तिथेच फीत चुरगळलेली असल्यामुळे त्यांचे चेहरे क्षणभर तिरके होत. तरीही रक्ताच्या कर्करोगातून उठून आलेल्या कारेरासकडे इतर दोघे ज्या मायेने पाहत होते ते त्या थरथरत्या चित्रातही दिसले, आणि तिघांची चढाओढ सुरू होताच मेहतांच्या चेहऱ्यावर उमटलेले मिश्कील हसूही. तिथे प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला काय दिसले असेल? कंडक्टरची पाठ. ते हसू आपल्याला मिळाले ते कॅमेऱ्यामुळे, आणि "आपल्याला तिकीट न काढता वाद्यवृंदातली खुर्ची मिळाली" असे तू म्हणाला होतास ते मी अजून विसरलेलो नाही.

नंतर लक्षात येत गेले की सभागृहाच्या भिंती सोडून बाहेर पडण्याची या गृहस्थांना आवडच आहे. १९९२ साली पुच्चीनीचा 'तोस्का' हा ऑपेरा रोममध्ये कथेतल्या मूळ स्थळी आणि कथेतल्याच वेळी सादर करून थेट प्रक्षेपित झाला, तेव्हा वाद्यवृंद आणि मेहता एका स्टुडिओत होते आणि गायक दूरच्या चर्चमध्ये किंवा किल्ल्यावर, छोट्या पडद्यावर त्यांचा हात पाहून गात होते. साथीदार एका गावात आणि गवई दुसऱ्या गावात, अशी मैफल आपल्या एखाद्या बुवांनी मान्य केली असती का, हा प्रश्न मी तुला तेव्हाही विचारला होता. १९९८ साली पुच्चीनीचाच 'तुरांदोत' त्यांनी बीजिंगच्या राजवाड्याच्या आवारात केला. पण शालिमारच्या बातमीने मला सर्वांत आधी आठवण झाली ती १९९४च्या जूनमधल्या बोस्नियातल्या सारायेवोची. वेढ्यात सापडलेल्या त्या शहराच्या जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयात मेहतांनी तिथल्याच वाद्यवृंदाकडून आणि गायकवृंदाकडून मोझार्टचे 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, करून घेतले होते. मला तो कार्यक्रम बऱ्याच वर्षांनी तुकड्या-तुकड्यांत पाहायला मिळाला. त्यातले सूर आता नीट आठवत नाहीत. आठवते ते छप्पर नसलेल्या त्या इमारतीतून आत आलेले उजेडाचे पट्टे आणि गाणाऱ्यांचे ताठ उभे राहणे. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण नसते तर ते आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते.

आता शनिवारविषयी. कार्यक्रमाला 'एहसास-ए-काश्मीर' असे नाव दिले आहे, पुढाकार जर्मन राजदूत मायकेल स्टाइनर यांचा आहे, आणि बीथोवन, हायडन व चायकोव्हस्की यांच्या रचना वाजणार आहेत. बीथोवनची पाचवी सिम्फनी वाजावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि ती वाजली तर दिग्दर्शकाने पहिल्या क्षणी कॅमेरा कुठे ठेवावा याविषयी माझे ठाम मत आहे. त्या जगप्रसिद्ध चार स्वरांच्या आधी कागदावर अर्ध्या ठोक्याची विश्रांती लिहिलेली असते. म्हणजे सम मोकळी जाते आणि मग तीन आखूड व एक लांब असे स्वर कोसळतात. त्या मोकळ्या समेवर साठ-सत्तर माणसांनी एकदम श्वास घ्यायचा असतो आणि तो श्वास फक्त एका हाताच्या हालचालीवर अवलंबून असतो. तो हात दिसला पाहिजे. त्या क्षणी चिनारची पाने किंवा पहिल्या रांगेतले मान्यवर दाखवले, तर मी आयुष्यभर त्या दिग्दर्शकाला क्षमा करणार नाही.

दुसरी इच्छा त्याहून लहान आहे. वादनापूर्वी ओबो, म्हणजे सनईच्या जातीचे त्यांचे वाद्य, एक लांब स्वर धरतो आणि बाकीचे सगळे त्यावर आपापली वाद्ये मिळवून घेतात, तो अर्धा मिनिट कापू नये. तंबोरे जुळताना हळूहळू खोली भरून यावी तसे मला त्या आवाजाने होते. नेमक्या त्याच वेळी निवेदकाला माहिती देण्याची उबळ येते. निवेदनाला माझा विरोध नाही. मात्र वाद्ये जुळत असताना आणि शेवटचा स्वर विरत असताना माणसाने तोंड मिटून बसावे, एवढीच अपेक्षा आहे. मागे एका वाहिनीने एका बुजुर्ग गायिकेची मैफल दाखवताना भैरवीचा अंतरा सुरू होताच ठरलेली वेळ संपली म्हणून थेट साबणाची जाहिरात लावली होती, ते आठवले की अजून अंगाची लाही होते. त्या रात्री तू मला फोन केलास आणि आपण दोघेही काही न बोलता नुसते उसासे टाकत बसलो होतो.

काश्मिरी वादकही या वाद्यवृंदासोबत वाजवणार आहेत आणि ती रचना संतूरवादक अभय सोपोरी यांची आहे. माझे कुतूहल सर्वांत जास्त इथे आहे. एका बाजूला समोरच्या कागदावरून तसूभरही न हलणारे वादक आणि दुसऱ्या बाजूला गुरुमुखातून शिकलेले, प्रसंगी डोळे मिटून वाजवणारे वादक. मेहतांच्या हाताकडे हे दुसरे लोक पाहतील का, की मेहताच त्यांच्याकडे पाहतील? त्यात पुन्हा उघड्या जागेची खोड आहे. डोंगराच्या पायथ्याशी संध्याकाळी हवा गार होऊ लागली की बासऱ्या, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांसारख्या फुंकरीच्या वाद्यांचा स्वर किंचित उतरतो, कारण थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो. तारा मात्र गारव्याने आकसून ताणल्या जातात आणि स्वर चढवतात. संतूरच्या शंभरच्या आसपास तारा! त्या एका संध्याकाळी किती वेळा मिळवायच्या? सभागृहात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, त्यावर वादकाचा जीव असतो. बागेत वाजवलेला सूर झाडांकडे गेला की गेलाच. म्हणून माइक लागतात, माइकला वाऱ्याची फुरफुर लागते, आणि स्वरलेखनाचे कागद उडू नयेत म्हणून जगातल्या उत्तमोत्तम वादकांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावावे लागतात. ते चिमटे दाखवावेत असे मला फार वाटते.

या बाबतीत मात्र आपण घरी बसलेले लोक भाग्यवान ठरतो, कारण वाद्यांच्या जवळ ठेवलेल्या माइकमधून निघालेला आवाज सरळ आपल्या खोलीत येतो. फक्त अगदी हळू वाजवलेले चढवून आणि अगदी मोठे वाजवलेले उतरवून सगळे एका पातळीवर आणण्याची दूरचित्रवाणीची सवय तेवढी आड येते. शिवाय टीव्हीच्या अंगच्या चिमुकल्या स्पीकरमधून डबल बास, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांचे ते भलेमोठे तंतुवाद्य, ऐकू येणे अशक्यच. तेव्हा तुझ्या मुलाने घेतलेले ते मोठे स्पीकर जोडून घे. त्यांचा काही सदुपयोग होऊ दे.

आता मनात सलणारी गोष्टही लिहितो, कारण तुझ्यापासून ती लपवून काही साधणार नाही. जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये करवलेली ही बाग शनिवारी सुमारे दीड हजार निमंत्रितांसाठी असेल. गावातल्या सामान्य माणसाला आत जाता येणार नाही. बंदचे आवाहन झाले आहे, रस्त्यांवर पहारा असणार, आणि या वाजवण्यातून जगाला काश्मीरचे खोटे चित्र दाखवले जाईल असा आक्षेप तिथले बरेच लोक घेत आहेत. तो आक्षेप मला सहज झटकून टाकता येत नाही. मुंबईत जन्मलेल्या, सत्त्याहत्तर वर्षांच्या या माणसाला काश्मीरमध्ये वाजवण्याची फार दिवसांची इच्छा होती, हेही मला खोटे वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि माझी तिथेच पंचाईत होते. बागेच्या भिंतीपलीकडे, दल सरोवराच्या काठावर राहणारा एखादा संगीतवेडा माणूस, ज्याला वाऱ्याच्या झुळकीबरोबर कदाचित एखादा ट्रम्पेट ऐकूही येईल, तोही शनिवारी माझ्यासारखाच टीव्हीसमोर बसेल. मी पुण्यात आणि तो दोन-तीन मैलांवर, पण आम्हा दोघांना खुर्ची एकाच दर्जाची. त्याला त्या वेळी टीव्ही लावावासा वाटेल का, हे मी कोण ठरवणार? कॅमेऱ्याने निदान एकदा तरी भिंतीबाहेर, रिकाम्या रस्त्याकडे वळून पाहावे असे मला वाटते. वळणार नाही, हे मलाही कळते.

तरी मी पाहणार आहे. घरात "त्यात एवढे काय आहे?" असे विचारले जाते तेव्हा मी उत्तर देत नाही, पण शनिवारी दुपारची झोप न घेता बसणार आहे, चष्मा आजच पुसून ठेवला आहे, आणि धाकट्या नातवाला ओबो ओळखण्याचे काम लावून दिले आहे. त्याने काल मला सनई दाखवून "हाच का?" असे विचारले. नातलग असल्यामुळे अर्धे गुण दिले.

तुझ्याकडच्या टीव्हीच्या डब्याला रेकॉर्डिंगची सोय आहे असे तू मागे म्हणाला होतास. ती आधी एकदा दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमावर करून पाहा, म्हणजे १९९०च्या फितीसारखे चेहरे तिरके व्हायला नकोत. कार्यक्रम लांबेल हे धरून पुढचा एक तास जास्तीचा लाव. आणि मध्ये फोन करू नकोस. मीही करणार नाही. सगळे संपून टाळ्या थांबल्या, की तूच कर. मी फोन हाताशी घेऊनच बसलेला असेन, आणि त्यानंतर टीव्ही हलवायला सगळे माझ्या डोक्यावर उभे असतील, तेव्हा फार वेळ बोलता येणार नाही.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. दोन दिवसांत हे तुला मिळावे म्हणून स्पीड पोस्टाने टाकतो आहे.

तुझा,
जुना कॅसेटवाला सोबती