मोडी वाचणारे हवेत

महोदय,

2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्यासंदर्भात नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींची पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर येऊ लागली. आरक्षणाचा वाद बाजूला ठेवला तरी घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. अडचण आहे ती वाचण्याची. यातल्या अनेक नोंदी जुन्या मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द सुटे न करता ओळ सलग ओढलेली असते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे नाव कोठे संपले आणि आडनाव कोठे सुरू झाले हेच कळत नाही. माझ्या पणजोबांची नोंद मोबाइलवर कितीही मोठी करून पाहिली तरी मला उलगडली नाही. मोडीचा वर्ग केलेल्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी ती दोन मिनिटांत वाचून दाखवली.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीत तर यजमानांच्या कित्येक पिढ्या सापडतात, पण त्या वह्या खासगी आहेत (आणि दक्षिणा देण्याचा प्रश्न असतोच). सार्वजनिक वाचनालयांनी आठवड्यातून एक दिवस मोडीचा जाणकार बसवावा आणि उपाध्यायांच्या संमतीने निदान जीर्ण वह्या तरी स्कॅन करून ठेवाव्यात, अशी विनंती आहे.

– एक वाचक, नाशिक