चार्जरची माफी

प्रिय चिऊ,

दहावीपासून तू चार्जर भिंतीलाच लटकवून ठेवायचीस आणि मी ओरडायचो, "वीज काय फुकट येते?" परवा बिल आलं. युनिट पुन्हा शंभराच्या वर, म्हणजे वरचे सगळे महागड्या दराने. आणि बोल लावायला तू घरात नाहीस!

रविवारी दिवे, पंखे, फ्रिज बंद केले, टीव्ही रिमोटने बंद केला आणि जिन्याखाली मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. आपल्या मीटरवर ३२०० छापलंय. तो लाल दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं 'बंद' असूनही दर २५ सेकंदांनी लुकलुक. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले सेकंद, की आले वॅट: ४५. महिन्याला बत्तीस युनिट, कुणी काही न वापरता.

मग आई वर एकेक प्लग काढत गेली आणि मी खालून सेकंद ओरडत राहिलो. (शेजारचे काका विचारून गेले, मीटर बिघडलाय का.) पहिला मान तुझ्या जुन्या चार्जरला. २५ सेकंद. तसूभर फरक नाही. टीव्हीचंही तेच. सेट-टॉप बॉक्स काढला तर एकदम ३५! एकट्याचे तेरा वॅट. रिमोटने फक्त चित्र जातं, आत तो जागाच असतो. हात लावलास तर कोमट लागेल. पुढचा चोर एसीचा स्टॅबिलायझर, मीच हौसेने आणलेला. पावसाळ्यापासून एसी कुणी लावलेला नाही, हा मात्र सात वॅट खात बसलाय. उरलेले राऊटर आणि इन्व्हर्टरचे, ते राहू देत.

आता स्टॅबिलायझर थेट उन्हाळ्यापर्यंत बंद. बॉक्सचं जरा अवघड आहे. भिंतीवरून बंद केला की सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि आजीच्या मालिकेचं गाणं बुडतं. त्यामुळे सातला पाच कमी असताना हाक येते, "अरे, बटण दाब!" मी निमूट उठतो.

तुमच्या फ्लॅटचं बिल चौघींत वाटता ना? एकदा मीटरपाशी बसून बघ. त्यावर १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० धर. आणि पहिला संशय बॉक्सवर घे, मैत्रिणींच्या चार्जरवर नको.

तुझा चार्जर आईने परत होता तिथेच लावलाय. मी काही बोललो नाही.

तुझा,
बाबा